रागाची मुदत सूर्यास्तापर्यंत

मापसाहेबांना राग येतो हे सांगणं म्हणजे विस्तव भाजतो हे सांगण्यासारखं आहे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. सव्वीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासून त्यांची नजर अशी तयार झाली होती की त्यांना जगात जिथेतिथे पासंग, म्हणजे तराजूतली खोटच, दिसे. दूधवाल्याच्या मापात, बसच्या वेळापत्रकात, बायकोच्या बोलण्यात, पाळकसाहेबांच्या उपदेशातसुद्धा. कॉलनीने त्यांना 'मापसाहेब' हे नाव दिलं ते काही प्रेमाने नाही, आणि त्याचाही त्यांना राग होता.

अशा माणसाच्या हातात देवाने नेमकी तीच चिठ्ठी द्यावी, याला काय म्हणावं?

झालं असं की चर्चमध्ये नवे पाळक आले. वयाने तरुण, म्हणजे मंडळीला सुधारण्याची उमेद अजून शाबूत. त्यांनी जाहीर केलं की पवित्र शास्त्र नुसतं ऐकून उपयोग नाही, ते जगलं पाहिजे. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, तिच्यावर जे वचन असेल ते तीस दिवस रोजच्या व्यवहारात पाळायचं. इथवर ठीक होतं. पण चिठ्ठ्या तयार करण्याचं काम गेलं सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. दोन प्रतींत नसलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. त्यांनी चिठ्ठ्या दोन प्रतींत केल्या, आणि वर प्रत्येक वचनाला एकेक फॉर्म जोडला.

मापसाहेबांची चिठ्ठी सांगत होती की राग आला तर येऊ द्या, पण सूर्य मावळायच्या आत तो सोडून द्या. सोबत फॉर्म. 'समेट-पत्रक'. रकाने असे: ज्याचा राग आला ती व्यक्ती, रागाचे कारण, त्या दिवशीचा सूर्यास्त, समेटाची वेळ, दोघांच्या सह्या, साक्षीदार.

घरी येऊन त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली. बायको इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मापसाहेब म्हणाले.

"काही नाही हो. देवाला पत्ता बरोबर सापडला, एवढंच."

झाला पहिला राग. वर्तमानपत्रात सूर्यास्त सहा वाजून एकवीस मिनिटांनी दिला होता. सहा वाजून अठरा मिनिटांनी मापसाहेब फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "मी तुला क्षमा केली आहे. इथे सही कर."

"मला? हसले म्हणून?" बायको म्हणाली. "आणि एकतीस वर्षं मी जे केलं त्याचं पत्रक कुठाय?"

सही मिळाली सहा वीसला, साक्षीदार म्हणून मुलीची. मुलगी सही करून म्हणाली, "पप्पा, हे फॉर्म चांगले आहेत. मग मोठ्या काकांचं पत्रक कधी भरताय?"

बायकोने गॅस बारीक केला.

मोठ्या काकांशी अबोला अकरा वर्षांचा होता. मोठे काका म्हणजे मापसाहेबांचे थोरले भाऊ, दादा, शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. वडील वारले तेव्हा कबरीच्या दगडावर कुठलं वचन कोरायचं यावरून दोघांचं वाजलं. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते, आयुष्यभर औषधं अचूक मापून दिली, म्हणून मापसाहेबांना खऱ्या तराजूबद्दलचं वचन हवं होतं. दादांना हवं होतं प्रीतीचं. प्रीतीच्या वचनावरून दोघे भाऊ पाथरवटाच्या अंगणात एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि पाथरवटाने छिन्नी बाजूला ठेवून मध्ये पडून त्यांना सोडवलं. दगडावर नाव आणि तारखा तेवढ्या कोरल्या गेल्या. खालची जागा कोरी राहिली ती आजतागायत. दोघे त्याच चर्चला जात, त्याच बाकावर बसत. एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मधल्या जागेत कोणी बसायला धजत नसे.

आता मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. आणि तिने सांगून टाकलं होतं, "मोठ्या काकांनी मला अक्षरं शिकवली. लग्नात शास्त्रवाचन तेच करतील. ते नसतील तर मी चर्चच्या पायरीवरच उभी राहणार. आत येणार नाही." ही मुलगी बोलल्याप्रमाणे करते. वडिलांवरच गेली आहे, दुसरं काय?

"तो राग जुना आहे," मापसाहेब म्हणाले. "चिठ्ठी आत्ताच्या रागांसाठी आहे. कुठलाही नियम मागच्या तारखेपासून लागू होत नाही." आणि ते गच्चीवर निघून गेले.

गच्चीवर त्यांना शेजारचे मोजणीदार भेटले. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून कुणी न विचारता सल्ला देण्याचा परवाना जवळ असलेले. सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, "वर्तमानपत्रातला सूर्यास्त धरूच नका. तो खाली सपाट जमिनीवरचा. तुम्ही पाण्याच्या टाकीवर चढलात तर तुम्हाला मिनिटभर जास्त मिळतं. हक्काचं आहे, सोडता कशाला?"

मापसाहेबांनी सव्वीस वर्षांत कुणाला गुंजभर सूट दिली नव्हती, तर स्वतःला कशी देतील? त्यांनी मोजणीदारांना चार शब्द सुनावले, मग लक्षात आलं की हाही राग झाला, आणि लगेच खिशातून दुसरा फॉर्म काढला. मोजणीदारांनी सही करायला नकार दिला. "मी चांगला सल्ला दिला आणि वर मलाच माफी? माफी तुम्ही मागा!" अखेर सहा वाजून बावीस मिनिटांनी, दोघेही पाण्याच्या टाकीवर उभे असताना, सही झाली.

आणि तिथून जे सुरू झालं त्याला आवर राहिला नाही.

माणसं समजतात की क्षमा करणं सोपं आहे. अहो, क्षमा करून बघा! ज्याला क्षमा करायची त्याला बिचाऱ्याला पत्ताच नसतो की आपण काही केलंय. वरच्या मजल्यावरच्या बाई रोज पहाटे खुर्च्या ओढत. चौदा वर्षं मापसाहेबांनी दातओठ खाऊन ते सहन केलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वर जाऊन त्यांनी अत्यंत सौम्यपणे सांगितलं, "मी तुम्हाला क्षमा केली आहे."

"कशाची?" बाईंनी विचारलं.

"खुर्च्यांची."

बाईंना आधी काही कळेना, आणि मग कळलं तेव्हा फार कळलं. "म्हणजे चौदा वर्षं तुम्ही आमच्याबद्दल मनात धरून बसलात? आणि जिन्यात भेटल्यावर हसत होतात?" त्यांचे यजमान बाहेर आले. त्यांचा मुलगा बाहेर आला. सही मिळाली, पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे खुर्च्यांबरोबर टेबलही ओढलं जाऊ लागलं.

बस कंडक्टरचं तर विचारूच नका. त्याने सकाळी स्टॉप यायच्या आधी घंटी मारली होती. मापसाहेब संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्याला शोधत थेट डेपोत गेले, कारण सूर्यास्त सहा एकोणीसला होता. त्यांनी सर्वांदेखत त्याला क्षमा केली. हातात कागद घेतलेला साहेबासारखा माणूस, त्यावर कंडक्टरचा गुन्हा लिहिलेला, हे पाहून डेपोच्या मॅनेजरने तिथल्या तिथे कंडक्टरची चौकशी लावली. "साहेब, तुम्ही मला माफ केलं का फासावर चढवलं?" कंडक्टरने विचारलं. त्यानंतर ती बस मापसाहेबांच्या स्टॉपवर थांबायचीच बंद झाली. ते स्कूटरने जाऊ लागले. वाटेत दादांच्या घराचं फाटक लागे. तिथे ते स्कूटरचा वेग वाढवत.

पण खरा घोळ घातला तो कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने. त्याच्या काट्याला मापसाहेबांनी स्वतःच्या हाताने पासंग पकडला होता, पंचनामा केला होता, आणि त्याने वर "तुमचंच वजन खोटं" म्हटल्यामुळे रागही मनसोक्त केला होता. वचन म्हणजे वचन. सूर्यास्ताच्या पाच मिनिटं आधी जाऊन त्यांनी त्यालाही क्षमा केली. किराणावाल्याने सही आनंदाने दिली. इतक्या आनंदाने सही देणारा हा पहिलाच माणूस, हे पाहूनच मापसाहेबांना शंका यायला हवी होती. आठवड्याभरात तो त्या पत्रकाची नक्कल घेऊन त्यांच्या ऑफिसात हजर झाला. "साहेबांनी मला लेखी माफ केलंय. साक्षीदारासह. मग खटला कसला?"

मोठ्या साहेबांनी मापसाहेबांना आत बोलावलं. "हे काय आहे?"

"समेट-पत्रक."

"तुम्ही आरोपीशी समेट केलात?"

"माणसाशी केला. काट्याशी नाही. काटा खोटा आहे तो आहेच."

हे उत्तर चांगलंच होतं, पण सरकारी ऑफिसात चांगल्या उत्तरासाठी रकाना नसतो. मोठ्या साहेबांनी 'कारणे दाखवा' नोटीस काढली. मापसाहेबांचं पित्त खवळलं. सव्वीस वर्षांत डाग नाही, आणि आज एका खोट्या काट्याच्या वाण्यासाठी नोटीस! ते जागेवर येऊन बसले. घड्याळात पाच वाजून वीस झाले होते. सूर्यास्त सहा तीनला. साडेपाचला मोठे साहेब घरी जाणार. मग मापसाहेब उठले, कोरा फॉर्म घेतला, आणि परत आत गेले.

"साहेब, मी आपल्याला क्षमा केली आहे. इथे सही करा."

दुसरी नोटीस टाइप होऊन बाहेर यायला फक्त दहा मिनिटं लागली. खात्याच्या इतिहासात इतक्या जलद काही झालेलं नाही.

घरी बायकोने दोन्ही नोटिसा वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "अहो, देवाने राग सोडायला सांगितलाय. तुम्ही तो घरोघर वाटत फिरताय."

"मी वचन पाळतोय!"

"कुणासाठी? कंडक्टरसाठी, वाण्यासाठी, वरच्या बाईसाठी. त्रेचाळीस पत्रकं झाली. ज्याच्यासाठी चिठ्ठी आली त्याच्या दारावरून स्कूटर पळवता ते काय मला माहीत नाही? पोरीचं लग्न या शनिवारवर आलंय. ती पायरीवर उभी राहिली तर काय सूर्याला दाखवणार आहात पत्रकं?"

मापसाहेबांना हिशेब पटला, आणि त्याचाही त्यांना राग आला. त्यांनी तो कागदावर उतरवला. सेक्रेटरींना अर्ज केला, दोन प्रतींत: 'अकरा वर्षांपूर्वीचा राग सदर योजनेत धरावा किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.' त्यांची खात्री होती की सेक्रेटरी तो अर्ज कमिटीकडे पाठवतील, कमिटी उपकमिटीकडे, आणि तोवर लग्न होऊन नातवंडांची बारशी येतील.

पण माणूस ज्याच्यावर विश्वास ठेवतो तोच दगा देतो. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'जो राग सूर्यास्तापूर्वी रद्द केला जात नाही त्याचे त्या दिवशी आपोआप नूतनीकरण होते. सबब आपला राग अकरा वर्षे जुना नसून कालचाच आहे. योजनेत धरावा.' खाली सही, शिक्का.

मापसाहेब तो कागद हातात धरून खुर्चीवर बसले. वजनांवरचा शिक्का दर साली नवा करावा लागतो, नाहीतर वजन बाद, हे ते दुकानदारांना सव्वीस वर्षं ओरडून सांगत होते. आणि त्यांनी स्वतः मात्र एक राग अकरा वर्षं दररोज शिक्का मारून चालू ठेवला होता. किती सूर्यास्त झाले याचा त्यांनी मनात हिशेब केला आणि मध्येच सोडून दिला. मग नेहमीप्रमाणे त्याचा राग झाला, आणि त्या रागातच त्यांनी स्कूटर काढली.

तिसावा दिवस होता. सूर्यास्त सहा वाजून दोन मिनिटांनी. सहाला दहा कमी असताना ते दादांच्या फाटकापाशी थांबले. अकरा वर्षांनी त्यांनी त्या फाटकाची कडी काढली. कडी पूर्वीसारखीच वर ढकलून डावीकडे ओढावी लागत होती. हाताला ते आठवत होतं.

दार वहिनींनी उघडलं. त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, बघा कोण आलंय."

दादा टेबलाशी बसले होते. केस सगळे पांढरे झाले होते. बाकाच्या या टोकावरून ते इतके दिसत नसत. मापसाहेब बोलायचं म्हणून तयार केलेलं सगळं विसरले. त्यांनी सरळ फॉर्म पुढे केला. "सही हवी आहे."

दादांनी चष्मा लावला. फॉर्म वाचला. 'रागाचे कारण' हा रकाना कोरा होता. मापसाहेबांना स्कूटरवर बसून ते लिहिता आलं नव्हतं.

"हेडमास्तर असतो तर अर्धवट पेपर घेतला नसता," दादा म्हणाले. मग त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि आतून कागदांची चळत काढून समोर ठेवली.

तीच समेट-पत्रकं होती. तीस दिवसांची तीस. वर टाचलेली चिठ्ठीही तीच, सूर्यास्ताची. सेक्रेटरींनी दोन प्रतींत केलेल्या चिठ्ठ्यांपैकी दुसरी प्रत बाकाच्या त्या टोकाला गेली होती. प्रत्येक पत्रकावर एकच नाव होतं, धाकट्या भावाचं. पहिल्या दिवशी कारण लिहिलं होतं: 'बाबांच्या कबरीवरील वचन.' दुसऱ्या दिवशी 'वरीलप्रमाणे'. तिसऱ्या दिवशी 'वरीलप्रमाणे'. मग दोन आठवड्यांनी हस्ताक्षर जरा हललं होतं: 'धाकटा स्कूटरवरून फाटकासमोरून गेला. थांबला नाही.' दुसऱ्या दिवशी: 'गेला. थांबला नाही.' आणि सगळ्यांवर समेटाच्या वेळेपुढे एक आडवी रेघ.

मापसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांच्याकडे डोळ्यांतून आधी आणि तोंडातून नंतर असं काही नसतं, सगळं एकदमच येतं. ते कडाडले, "मग हाक का नाही मारली? तीस दिवस खिडकीत बसून फॉर्म भरत राहिलात? हाक मारायला काय झालं होतं?"

"मी थोरला आहे!" दादा उठून उभे राहिले. "थोरला हाक मारणार? तू थांबायचं होतंस!"

"मी कसा थांबणार? पाथरवटासमोर तुम्ही माझी कॉलर धरली होती!"

"तू माझा चष्मा फोडलास!"

"तो तुम्हीच पायाखाली तुडवला!"

"कारण तू पाडलास म्हणून!"

अकरा वर्षांचं तुंबलेलं होतं, ते सगळं वाहून आलं. कॉलर, चष्मा, बाबांच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं, लहानपणी कुणी कुणाची पाटी फोडली. शेजारच्या खिडक्या उघडल्या. मध्येच कधीतरी दादा म्हणाले की प्रीतीचं वचन बाबांना आवडायचं, आणि मापसाहेब म्हणाले की हे मला तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत, आणि दादा म्हणाले तू बोलू दिलंस तर सांगणार ना. मग दोघेही थांबले. दोघांनाही धाप लागली होती.

वहिनींनी दिवा लावला. "मावळला," त्या म्हणाल्या.

दोघांनी एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा तेहतीस.

"तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे," मापसाहेब सवयीने म्हणाले.

"धाकट्या," दादा म्हणाले, "बस. चहा घे."

या नावाने त्यांना हाक मारणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. मापसाहेब खाली बसले आणि चहा येईपर्यंत रुमालात तोंड खुपसून बसून राहिले. दादांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

"शनिवारी वाचन मी करीन," चहा पिताना दादा म्हणाले. "उताराही मीच निवडीन."

मापसाहेबांचं तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं. एवढा मोठा घास त्यांनी आयुष्यात कधी गिळला नव्हता.

मग फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात दोघांनी मिळून लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. साक्षीदार वहिनी. समेटाच्या वेळेपाशी दादांचं पेन थबकलं. "सहा एक लिहूया का? सेक्रेटरी कुठे बघायला आले होते?"

"खोटं माप मी लिहीत नाही," मापसाहेब म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: सहा वाजून त्रेपन्न मिनिटे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास तो फॉर्म सेक्रेटरींच्या शेऱ्यासह परत आला. 'सूर्यास्तानंतरचा समेट. मुदतबाह्य. अग्राह्य.' खाली शिक्का, दोन प्रतींत. एक मापसाहेबांच्या घरी, एक दादांच्या.

पाव तासात स्कूटर सेक्रेटरींच्या दारात उभी राहिली. पुढे मापसाहेब, मागे दादा. सेक्रेटरींनी दार उघडलं मात्र, दोघांनी एकदम तोंड सोडलं. देवाच्या दयेला कुठे मुदत असते, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, मंडळीला काय कोर्ट समजलात, अकरा वर्षांनी सख्खे भाऊ बोलले आणि तुम्हाला शिक्का सुचतो? एकाला धाप लागली की दुसरा वाक्य पुरं करी. अकरा वर्षांनी दोघं एका बाजूने भांडत होते, आणि इतकं एकदिलाने की आवाज ऐकून पलीकडच्या घरातून पाळकसाहेब धावत आले आणि बघतच राहिले.

सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "अहो, शांत व्हा. तुमची चिठ्ठी काय सांगते ते तरी आठवा."

दोघांनी मनगटावरची घड्याळं पाहिली. मग एकमेकांकडे पाहिलं.

"अजून पंचवीस मिनिटं आहेत," दादा म्हणाले.

"पुष्कळ आहेत," मापसाहेब म्हणाले, आणि पुन्हा सुरुवात केली.